समुद्रातल्या बेटावरचं पेव

पेव म्हटलं की तुमच्या सासूबाईंना आठवेल, जमिनीत खोल खणलेलं, ज्वारी साठवायचं. तसंच पेव प्रशांत महासागरातल्या मार्केसास बेटांवर होतं. त्याची गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

ही बेटं ताहितीपासून सुमारे १,४०० किलोमीटर ईशान्येला. डझनभर बेटं, त्यातल्या सहांवर वस्ती. सगळी ज्वालामुखीतून वर आलेली. दगड काळा, आपल्या सह्याद्रीच्या जातीचा. भोवती प्रवाळाचा बांध जवळजवळ नाहीच, त्यामुळे लाटा थेट कड्यावर आपटतात. उभ्या डोंगरांमुळे एका खोऱ्यातून दुसऱ्या खोऱ्यात जाणं अवघड. लोक आपापल्या खोऱ्यात राहायचे आणि शेजारच्या खोऱ्याशी भांडायचे. हे काही आपल्याला नवीन नाही!

चारी बाजूंनी पाणी, तरी इथे दुष्काळ पडतो. पाऊस बेभरवशाचा, कधी कधी सलग काही वर्षं दगा देणारा. मुख्य अन्न नीरफणस, ज्याची कापं कोकणातल्या आपल्या बहिणी करतात. हंगामात फळ उदंड, पण ते टिकत नाही. म्हणून लोक फळं सोलून आंबवायचे, खड्ड्याला पानांचं अस्तर लावून त्यात दाबून भरायचे, वर पानं आणि दगड. हवा आत जाऊ द्यायची नाही. पानं कुजली की बदलायची. याला ते ‘मा’ म्हणतात. नीट राखलं तर वर्षानुवर्षं टिकायचं. घरचा खड्डा वेगळा, आणि लढाई-दुष्काळासाठी साऱ्या गावाचा मोठा खड्डा वेगळा.

दुष्काळाला त्यांच्याकडे असा तोड होता. बाहेरून आलेल्या रोगांना मात्र नव्हता. १५९५ साली स्पॅनिश जहाजं आली. पेरूच्या व्हाइसरॉयच्या किताबावरून त्यांनी बेटांना नाव दिलं. तिथले लोक आपल्या भूमीला ‘माणसांची भूमी’ म्हणत, ते कोण विचारतो? पुढे व्हेल मारणारे आले, व्यापारी आले, १८४२ मध्ये फ्रान्सनं ताबा घेतला. १८६३ मध्ये देवीची साथ आली. १९२० च्या दशकात साऱ्या बेटांवर मिळून उरली सुमारे २,००० माणसं. एकेक खोरं ओस पडलं. गोंदण आणि नाच यांवरही बंदी आली होती. आज लोकसंख्या ९,००० च्या आसपास आहे, आणि १९८० च्या दशकापासून नाच, गोंदण पुन्हा मानानं चालतात.

बायकांचंही सांगायला हवं. जुन्या काळी त्यांना नावेत बसायला बंदी होती. पोहायला मात्र कुणी अडवलं नाही, त्यामुळे त्या पोहत जहाजांपर्यंत जायच्या. फातू हिवा बेटावर बायका आजही झाडाच्या आतल्या सालीपासून कापड करतात. तुतीच्या जातीचं झाड, नीरफणस, वड, प्रत्येकाच्या सालीचा रंग वेगळा. साल भिजवून दगडावर ठेवायची आणि लाकडी थापीनं बडवत राहायचं, रुंद होईपर्यंत. मग त्यावर जुन्या गोंदणाची नक्षी काढतात आणि ते कापड विकतात.

आणि ‘मा’? चव आंबट, वास उग्र. नुसतं कुणी खात नाही. ताजा भाजलेला नीरफणस कुटून त्यात मळायचं, आपण जुन्या ताकाचं विरजण लावतो तेवढ्याच बेतानं.