वर्गणी कोणाची, खेळ कोणाचा?



आजच्या व्याख्यानाचा विषय फळ्यावर लागला तेव्हा पुष्कळांना नवल वाटले. कामगार संघटनेत उभा जन्म काढलेला माणूस व्हिडिओ गेमवर काय बोलणार, असे दोघातिघांनी मला तोंडावर विचारले. त्यांना मी एवढेच सांगितले, की ज्या ठिकाणी लोकांचा पैसा, लोकांचे श्रम आणि एखाद्याची मालकी या तीन गोष्टी एकत्र येतात, ते ठिकाण माझ्या धंद्याचेच आहे. मग तो साखर कारखाना असो, हमालांचा अड्डा असो, की पोरांचा खेळ असो.

प्रथम खेळ म्हणजे काय ते सांगतो, कारण समोर बसलेल्या वडीलधाऱ्यांपैकी अनेकांनी तो नातवाच्या हातात लांबूनच पाहिलेला असेल. व्हिडिओ गेमचे अनेक प्रकार आहेत. त्यांतल्या एकाला रोल-प्लेइंग गेम म्हणतात. बहुरूपी जसा सोंग घेतो, तसे खेळणाऱ्याने एका माणसाचे सोंग घ्यायचे आणि त्या माणसाच्या वतीने निर्णय करायचे. खरे बोलावे की खोटे, लढावे की पळावे, चोरी करावी की उपाशी राहावे, हे खेळणारा ठरवतो आणि त्याची फळेही तोच भोगतो. असा एक खेळ पुरा व्हायला पन्नास-शंभर तास सहज लागतात.

असले खेळ तयार करायला मोठे भांडवल लागते. ते कोठून आणायचे? सावकार आपल्या अटी घालतो. म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांत काहींनी थेट खेळणाऱ्यांकडेच हात पसरले. किकस्टार्टर नावाच्या अमेरिकी संस्थेमार्फत संकल्पना मांडायची, लोकांनी थोडेथोडे पैसे द्यायचे आणि त्यातून खेळ उभा करायचा. याला इंग्रजीत क्राउडफंडिंग असे भारदस्त नाव आहे. आपण त्याला वर्गणी म्हणतो.

वर्गणी आपल्याला कोणी शिकवायला नको. देवळाचे पत्रे, गावची जत्रा, गणपतीचा मांडव, सारे वर्गणीवर चालते. याच पुणे जिल्ह्यात तळेगावला १९०८ साली काचेचा कारखाना निघाला तो पैसा फंडातून. अंताजी दामोदर काळे यांची ती कल्पना. माणसामागे एक पैसा मागायचा आणि त्यातून स्वदेशी उद्योग उभा करायचा. लोकमान्य टिळकांनी त्या कल्पनेला आपले बळ दिले. ज्याने पैसा दिला त्याला काचेचा पेला मिळाला नसेल. परंतु तो पैसा कोणा एकाच्या खिशात जाणार नाही, एवढा भरवसा त्याला होता. ही गोष्ट ध्यानात ठेवा, कारण पुढे मला तिच्याकडे यायचे आहे.

आता आपल्याच जिल्ह्यातले ताजे उदाहरण घ्या. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या मंडळीने 'राजी' नावाचा खेळ योजला. देवदेवता आणि असुरांच्या जगात हरवलेल्या भावाला शोधणारी एक मुलगी, ही त्याची नायिका. २०१७ साली त्यांनी किकस्टार्टरवर वर्गणी मागितली. तेथला नियम असा, की ठरलेला आकडा गाठला तर सारे पैसे, नाही तर एक छदामही नाही. आकडा गाठला गेला नाही. तरीही मंडळी हटली नाहीत. इतर मार्गांनी पैसा उभा करून त्यांनी २०२० साली खेळ बाजारात आणला. खेळणाऱ्यांनी त्यातल्या वाड्या-महालांची, चित्रांची आणि संगीताची तारीफ केली; लढाया तोकड्या आहेत आणि खेळ पाच-सहा तासांत संपतो, अशी तक्रारही केली. तक्रार रास्त असेल. परंतु अपुऱ्या भांडवलावर अशी वस्तू उभी करण्यात किती घाम गेला असेल, हे कारखान्यात राबणाऱ्याला निराळे सांगायला नको.

वर्गणी जेथे भरभरून मिळाली तेथे काय घडले, हे पाहायला मात्र आपल्याला युरोपात जावे लागेल. झेक देशात प्राग शहरी वॉरहॉर्स नावाचा स्टुडिओ आहे. त्यांनी २०१४ साली 'किंगडम कम : डिलिव्हरन्स' या खेळासाठी तीन लाख पौंड मागितले. ३५ हजारांहून अधिक लोकांनी मिळून ११ लाख पौंडांवर रक्कम दिली. खेळ ठरल्याहून उशिरा, फेब्रुवारी २०१८ मध्ये निघाला आणि पंधरा दिवसांच्या आत त्याच्या दहा लाख प्रती खपल्या.

यात असे काय होते? आमच्या संघटनेतल्या दोन-तीन तरुणांनी तो खेळला आहे. शिरवळच्या कारखान्यांत पाळी करणारी ही पोरे. त्यांना मी खोदून खोदून विचारले आणि त्यांच्याशेजारी बसून तो पाहिला. खेळ घडतो १४०३ साली, बोहेमियाच्या सोळाएक चौरस किलोमीटर मुलुखात. गावे खरी, गढ्या खऱ्या, नदी खरी. राक्षस नाहीत, जादू नाही. नायक राजपुत्र नाही. खाणीच्या गावातल्या लोहाराचा मुलगा आहे. शत्रूचे सैन्य येते, गाव जाळते, आईबाप मारले जातात आणि पोरगा जीव घेऊन पळतो. त्याला तलवार धरता येत नाही. ती शिकावी लागते, मार खाऊन शिकावी लागते. कपडे रक्ताने माखले तर लोक वचकतात. जवळचे अन्न नासते.

आणि एक गोष्ट तर माझ्या काळजाला भिडली. त्या पोराला वाचता येत नाही. पुस्तक उघडले तर पानावर अक्षरांचा नुसता काला दिसतो. एका गावात लेखनिक आहे; त्याच्याकडे जाऊन अक्षरे गिरवावी, मग हळूहळू शब्द जुळू लागतात. मंडळी, मी स्वतः शाळा अर्धी टाकून कामाला लागलो आणि कामगार कायदा रात्री दिव्याखाली एकेक शब्द लावून वाचला. अक्षर कळू लागते त्या क्षणाची किंमत ज्याने हा खेळ रचला त्याला ठाऊक आहे, असे मी म्हणेन.

परंतु पोरांची एक तक्रार होती. खेळ थांबवताना जेथवर आलो ती जागा राखून ठेवावी लागते. तिला सेव्ह करणे म्हणतात. या खेळात ते हवे तेव्हा करता येत नसे. आपल्या बिछान्यात झोपावे, किंवा एक खास दारू विकत घेऊन प्यावी, तेव्हा जागा राखली जाई. रचणाऱ्यांचा हेतू असा, की माणसाने प्रत्येक पाऊल जपून टाकावे. हेतू चांगला. पण दुसरी पाळी संपवून रात्री घरी आलेल्या माणसाला पाऊणच तास मिळतो. वेल्ह्याच्या बाजूला दोन थेंब पडले की वीज जाते आणि दीड तासाची मेहनत पाण्यात जाते. ज्याच्याजवळ वेळ भरपूर त्याला हा नियम गोड. ज्याचा वेळ दुसऱ्याने विकत घेतलेला आहे त्याला तो जाचक.

यावर तोड कोणी काढली? मालकांनी नव्हे, खेळणाऱ्यांनीच. खेळ निघाल्यावर थोड्याच दिवसांत, हवे तेव्हा जागा राखता येईल अशी दुरुस्ती खेळणाऱ्यांतल्याच जाणत्यांनी तयार केली आणि साऱ्या जगाला फुकट वाटली. अशा दुरुस्तीला मॉड म्हणतात. कंपनीनेही पुढे खेळ सोडून जाताना जागा राखण्याची सोय केली. कोणी कुलूप उघडण्याची किचकट रीत सोपी केली, कोणी चेहरे सुधारले, कोणी ओझे वाहण्याची मर्यादा बदलली. विकत आणलेला नांगर आपल्या रानाच्या मातीप्रमाणे लोहाराकडून वाकवून घ्यावा, तसाच हा प्रकार आहे.

तर आता हिशेब मांडू. वर्गणी दिली हजारोंनी. खेळ रचला स्टुडिओतल्या पगारी कामगारांनी. डागडुजी केली बिनपगारी हौशी लोकांनी. आणि मालकी? वॉरहॉर्सच्या मागे आरंभापासून एक झेक धनिक उभा होता. लोकांना हा खेळ हवा आहे असे वर्गणीने दाखवून द्यावे, म्हणजे बाकीचे भांडवल तो पुरवील, असा तो व्यवहार होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये टीएचक्यू नॉर्डिक या स्वीडिश उद्योगसमूहाने हा स्टुडिओ तीन कोटी युरोंहून अधिक किंमत देऊन विकत घेतला. वर्गणीदारांच्या वाट्याला त्यातले काय आले? काही नाही. त्यांना खेळाची प्रत मिळाली, कोणाला नकाशा, कोणाला सदरा. भाग कोणालाच नाही.

मी येथे फसवणुकीचा आरोप करीत नाही. व्यवहार उघड होता. दिलेला शब्दही त्यांनी पाळला. २०२५ साली खेळाचा दुसरा भाग निघाला, तेव्हा ज्यांनी पहिल्या वेळी मोठी वर्गणी दिली होती त्यांना तो भाग कबूल केल्याप्रमाणे विनामूल्य देण्यात आला. अकरा वर्षांनी वचन पाळणारे मालक मी फार पाहिलेले नाहीत. माझा मुद्दा निराळा आहे. पैसा फंडाचा पैसा आणि ही वर्गणी दिसायला सारखी, पण जातीने वेगळी. एकीतून सार्वजनिक वस्तू उभी राहते. दुसरीतून खाजगी वस्तू उभी राहते आणि जोखीम तेवढी सार्वजनिक होते. खेळ बुडता तर वर्गणीदारांचे पैसे बुडाले असते. तो तरला तेव्हा फायदा मालकाचा झाला.

मॉड करणाऱ्यांची कथा तर याहून बोलकी आहे. २०१५ च्या एप्रिलमध्ये व्हॉल्व आणि बेथेस्डा या दोन अमेरिकी कंपन्यांनी 'स्कायरिम' या प्रसिद्ध खेळाचे मॉड पैसे घेऊन विकण्याची योजना काढली. ज्याने मॉड केले त्याला रुपयातले चार आणे, आणि दोन्ही कंपन्यांना मिळून बारा आणे! खेळणाऱ्यांत एवढा गदारोळ उठला, की चार-पाच दिवसांत योजना गुंडाळावी लागली. बहुतेकांचा राग मॉड विकत घ्यावे लागणार यावर होता. माझ्यासारख्याचे लक्ष त्या चार आण्यांवर गेले.

कोणी म्हणेल, अहो, ही तर हौस आहे. आपल्या भजनी मंडळाला कोणी पगार देतो का? प्रश्न बरोबर आहे. भजनी मंडळाला पगार नको, कारण त्यांच्या भजनावर कोणी तिकीट लावीत नाही. पण उद्या एखाद्याने मंडपाला दार बसवले आणि दारावर पेटी ठेवली, तर टाळकऱ्यांनी विचारलेच पाहिजे, की बाबा, पेटीत काय जमले? मॉडमुळे खेळाचे आयुष्य वाढते, जुना खेळ वर्षानुवर्षे खपत राहतो. तो खप ज्या पेटीत जातो तिचा हिशेब मागण्यात हौसेचा अपमान नाही.

हे स्वप्नरंजन आहे असेही समजू नका. त्याच बेथेस्डाची पालक कंपनी झेनिमॅक्स. तिच्यात खेळ तपासण्याचे काम करणाऱ्या सुमारे ३०० कामगारांनी जानेवारी २०२३ मध्ये आपली युनियन केली आणि मायक्रोसॉफ्टसारख्या बलाढ्य मालकाने तिला मान्यता दिली. आपल्याकडे माथाड्यांना संघटित करता येणारच नाही असे म्हणत. १९६९ साली माथाडी कायदा झाला. आपल्या मावळातले कितीतरी लोक मुंबईत पाठीवर पोती वाहत होते. ती पाठ आज जगजाहीर आहे. संगणकापुढे वाकलेली पाठ दिसत नाही, एवढाच फरक.

आता हे भोरात येऊन का सांगतो? कारण असा दिवस फार दूर नाही, जेव्हा कोणी तुमच्या दारी येईल आणि म्हणेल, आम्ही बारा मावळांचा खेळ करतो, वर्गणी द्या. त्याला लागणारा सगळा माल येथे आहे. हिरडस मावळ, गुंजण मावळ, कानद खोरे. रोहिडा, रायरेश्वर, तोरणा आणि राजगड. २०२४ साली राज्य मंत्रिमंडळाने वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय केला, इतकी ही माती अभिमानाची. बोहेमियाच्या चार गावांवर जग लोटले, तर आपल्या खोऱ्यांवर का लोटू नये? मला तर असा खेळ हवा आहे, ज्यात नायक कोणी सरदार नसून गडाच्या पायथ्याच्या लोहाराचा पोरगा असेल.

तुम्ही वर्गणी द्या. मीही देईन. परंतु देताना तीन गोष्टी लिहून घ्या. पहिली, जमाखर्च दरवर्षी वर्गणीदारांपुढे मांडावा. दुसरी, स्टुडिओ विकला गेला तर त्या किमतीतला ठरलेला हिस्सा वर्गणीदारांना आणि कामगारांना मिळावा. त्यासाठी सहकारी संस्थेचा मार्ग महाराष्ट्राला चांगला ठाऊक आहे. तिसरी, खेळ रचणाऱ्या प्रत्येकाचे आणि ज्याची दुरुस्ती पुढे खेळात घेतली जाईल त्या प्रत्येक मॉडवाल्याचे नाव खेळात असावे.

या तिसऱ्या गोष्टीला कोणी हसू नये. येथून जवळच भाटघरचे धरण आहे. १९२८ साली ते पुरे झाले आणि त्याला गव्हर्नर लॉईड यांचे नाव मिळाले. त्याचे दगड ज्यांनी घडवले आणि वाहिले त्यांची नावे आपल्यापैकी एकालाही सांगता येणार नाहीत. दगडाच्या धरणावर हजारो नावे कोरायला जागा नव्हती, असे म्हणता येईल. संगणकाच्या खेळात जागेची ती सबब चालणार नाही.

 कोणाला प्रश्न विचारायचे असतील तर अवश्य विचारा. आणि पोरांनो, तुम्ही आधी विचारा.