पत्र दुसऱ्यांदा वाचताना



प्रेमकथेत नायक नायिकेचं मन कसं जिंकतो, हेच आपण कौतुकाने पाहत आलो. माझं म्हणणं असं, की अभिजात प्रेमकथा उभी राहते ती नायिकेच्या बदलत्या नजरेवर. जेन ऑस्टिनची ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ घ्या. ती प्रसिद्ध झाली १८१३ साली. पहिला खर्डा मात्र १७९६-९७चा. त्याचं नाव होतं ‘फर्स्ट इम्प्रेशन्स’, म्हणजे प्रथमदर्शनी झालेलं मत. कादंबरीचा सगळा विषय त्या नावातच आहे.

मेरिटन गावच्या नाचाच्या समारंभात नायक डार्सी नायिकेबद्दल तुच्छतेने बोलतो आणि ते वीस वर्षांच्या एलिझाबेथच्या, म्हणजे तिच्याच, कानावर पडतं. दुखावलेलं मन मग पुरावे गोळा करत राहतं. विकहॅम नावाच्या एका गोडबोल्या तरुणाने केलेली डार्सीची निंदा तिला तत्काळ पटते.

६१ प्रकरणांच्या या कादंबरीत चौतिसाव्या प्रकरणात डार्सी तिला मागणी घालतो. त्याचं उत्पन्न वर्षाला दहा हजार पौंड. इकडे वडिलांच्या माघारी राहतं घरसुद्धा नात्यातल्या एका पुरुषाकडे जाणार. तरी ती ठाम नकार देते. पैशाकडे पाहून मत बदलणारी ही मुलगी नव्हे, याची खात्री वाचकाला इथेच पटते.

दुसऱ्या दिवशी डार्सी तिच्या हातात पत्र देतो. दोन पूर्ण कागद दाट अक्षरांत लिहिलेले, वरचं वेष्टनही भरलेलं. त्यात विकहॅमच्या आरोपांना उत्तर आहे. ती रागारागाने वाचते, घडी घालून ठेवून देते आणि अर्ध्या मिनिटात पुन्हा उघडते. आता तिला आठवतं, की ओळख होऊन जेमतेम एक दिवस झाला असताना विकहॅमने आपलं गाऱ्हाणं तिच्यापुढे मांडलं होतं. डार्सीला मी कशाला टाळू, असं म्हणणारा हाच गृहस्थ नेदरफील्डच्या नाचाकडे फिरकला नव्हता. हे सगळं तिने आधीच पाहिलं होतं. त्याचा अर्थ तिला आज लागतो. दोन तास ती वाटेवर फिरत राहते.

प्रेम अजून दूर आहे. आधी येते ती स्वतःची शरम. पुढे डार्सीच्या पेम्बर्ली या वाड्यात, त्याला चार वर्षांचा असल्यापासून ओळखणारी घरची कारभारीण त्याचं मनापासून कौतुक करते. एलिझाबेथ त्याच्या तसबिरीसमोर उभी राहते. चेहरा तोच, पण ती आता त्याच्याकडे मायेने पाहू शकते.

डार्सीही बदलतो, तिच्या नकारातले बोल मनाला लावून घेतो. पण ऑस्टिन आपल्याला बहुतेक वेळ एलिझाबेथच्या डोळ्यांनीच पाहायला लावते. म्हणून तिच्याबरोबर आपणही चुकतो आणि तिच्याबरोबरच शहाणे होतो. ही कादंबरी आजही ताजी वाटते, ती मला वाटतं यामुळेच.

घरी गेलात की छत्तिसावं प्रकरण वाचा आणि मग मागे येऊन सोळावं. विकहॅमचं तेच बोलणं तुम्हाला वेगळं ऐकू येईल.