आपलं पुस्तक, आपल्याच नावानं

पापड, लोणचं, शेवया आपण करतो आणि गटाचं लेबल लावून विकतो. मग जात्यावरच्या ओव्या, बाळंतिणीचा आहार, बियाणं जपायच्या रीती आपल्या तोंडपाठ असताना त्यांच्या पुस्तकावर नाव दुसऱ्याचं का? कुणीतरी येतं, लिहून नेतं आणि पुस्तकात ‘गावातील महिलांनी सांगितलेली माहिती’ एवढंच छापतं. म्हणून आज बोलूया, पुस्तक स्वतः कसं काढायचं त्यावर.

ही वाट जुनी आहे. पंडिता रमाबाईंच्या ‘स्त्रीधर्मनीति’ या १८८२ सालच्या पुस्तकाच्या विक्रीतून त्यांच्या इंग्लंडच्या प्रवासाला पैसा उभा राहिला. पुढे १८८७ साली अमेरिकेत त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या हालांवर इंग्रजीत पुस्तक काढलं. त्याच्या हजारो प्रती खपल्या आणि विधवांच्या शाळेसाठी मदत मिळाली. दौंड तालुक्यात केडगावला तर त्यांनी छापखानाच घातला. तिथे बायका-मुली खिळे जुळवायच्या.

प्रकाशकाला पुस्तक दिलं तर खर्च त्याचा, विक्री त्याची. आपल्याला किमतीच्या साधारण दहा टक्के मिळतात. हेही वाईट नाही. पण नवख्या बाईचं, एका तालुक्यापुरतं पुस्तक घ्यायला प्रकाशक सहसा धजत नाही. जपायचं ते तिसऱ्या प्रकाराला. पैसे आपण भरायचे आणि हक्क मात्र त्यांच्याकडे! कागदावर ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असं असेल तर सही करू नका. आपण लिहिलं की कायद्यानं हक्क आपलाच असतो. त्यासाठी नोंदणीची सक्ती नाही.

आता काम कसं करायचं? आधी मजकूर पक्का करा. मग टायपिंग आणि पानांची मांडणी करून घ्या. प्रूफ दोघींनी वाचा, एकीनं मोठ्यानं, दुसरीनं कागदावर बोट ठेवून. सोळा पानांचा एक फॉर्म होतो, म्हणून पानं सोळाच्या पटीत बसवा. दोन-तीन छापखान्यांचे दर लेखी घ्या. प्रती थोड्या असतील तर डिजिटल छपाई परवडते, जास्त असतील तर ऑफसेट. पुस्तकाचा आयएसबीएन, म्हणजे तेरा आकडी क्रमांक, दिल्लीच्या राजा राममोहन रॉय संस्थेकडून ऑनलाइन अर्ज करून मोफत मिळतो. छापून झालं की कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि आणखी तीन ग्रंथालयांना प्रत पाठवायची असते. पहिलंच पुस्तक असेल तर राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाच्या नवलेखक अनुदान योजनेची चौकशी जरूर करा.

हिशोब मात्र आधी मांडा. समजा, ९६ पानांच्या २०० प्रतींना १४,००० रुपये लागले. एक प्रत ७० रुपयांना पडली. किंमत ठेवली १२० रुपये. हातानं विकली तर प्रतीमागे ५० रुपये उरतात. दुकानदारानं चाळीस टक्के कापले तर आपल्या हाती येतात ७२, उरतात दोन रुपये. म्हणजे आपली विक्री जत्रेत, हळदी-कुंकवाला, बचत गटांच्या प्रदर्शनात आणि शाळांत व्हायला हवी.

म्हणून आम्ही बैठकीत एकच आग्रह धरतो. पुस्तकासाठी गटातून कर्ज उचलू नका. आधी नोंदणी करा, थोडी सवलत द्या, पैसे घेऊन पावती द्या. शंभर जणींनी नावं दिली की मगच छापायला टाका. नाहीतर गठ्ठे माळ्यावर पडतात आणि घरात बोलणी बसतात.

पुस्तक गटाचं असेल तर कुणी काय सांगितलं, कुणी लिहिलं, पैसे कसे वाटायचे, याचा ठराव करून इतिवृत्तात सह्या-अंगठे घ्या. जिला लिहिता येत नाही तिनं सांगितलेली ओवी तिच्याच नावानं छापा. बाहेरच्यांनी आपलं नाव गाळलं तर राग येतो ना? मग आपणही कुणाचं गाळायचं नाही.

पुढच्या बैठकीला एक कोरी वही न्या. प्रत्येकीनं आपल्याला येणारी एक गोष्ट सांगावी, शिकलेल्या मुलीनं ती लिहावी, आणि खाली सांगणारीचं पूर्ण नाव घालावं. सुरुवातीला एवढं पुरे. रामराम.