घरात उलट्या-जुलाब आणि अंगात मधुमेह
(मंडळाच्या मासिक सभेत केलेले भाषण)



मी काही शिकलेली वक्ती नव्हे. सातवीपर्यंत शाळा झाली, पुढचे शिक्षण संसारातच. चिटणीसबाईंनी आग्रह केला, म्हणून उभी राहिले आहे.

मला मधुमेह होऊन नऊ वर्षे झाली. रात्री इन्शुलिन टोचून घेते आणि दोन वेळा मेटफॉर्मिनची गोळी घेते. गेल्या श्रावणात आमच्या घरात उलट्या-जुलाब शिरले. आधी धाकटा मुलगा, मग मामंजी, आणि तिसऱ्या दिवशी मी. डॉक्टर म्हणाले, हा विषाणूचा प्रकार आहे, त्याला मारणारे औषध नाही. दोन-तीन दिवसांत तो आपोआप ओसरतो. तोवर शरीरातले पाणी टिकवायचे, एवढेच आपल्या हाती.

माझी अवस्था पाहून शेजारच्या काकू मायेने म्हणाल्या, "अगं, पोटात अन्नाचा कण नाही, आज सुई कशाला टोचतेस?" ऐकायला हे पटते. पण आजारात शरीर आपली आपण जास्त साखर तयार करते, न जेवतासुद्धा. इन्शुलिन नसेल तर ती साखर वापरता येत नाही. मग शरीर चरबी जाळू लागते आणि रक्तात आम्ल साठते. माझ्या माहेरगावी एका बाईंनी अशीच सुई बंद ठेवली. तिसऱ्या दिवशी त्यांना शुद्ध हरपलेल्या स्थितीत इस्पितळात न्यावे लागले. म्हणून आपल्या मनाने इन्शुलिन बंद करू नये. मात्रा किती, ते डॉक्टरांना विचारावे. मी फोन केला. त्यांनी इन्शुलिनची मात्रा थोडी कमी करून दिली आणि मेटफॉर्मिन मात्र खाणेपिणे सुरळीत होईपर्यंत थांबवायला सांगितले. गोळ्यागोळ्यांत फरक असतो. काही गोळ्यांनी उपाशीपोटी साखर एकदम उतरते, काहींनी शरीरातले पाणी आणखी कमी होते. तेव्हा फोन करताना गोळ्यांची नावे हाताशी ठेवा.

दुसरी अडचण सासूबाईंची. जीवनजलाचे, म्हणजे ओआरएसचे पाकीट पाहून त्या म्हणाल्या, "मधुमेहाला साखरेचे पाणी कसले देता!" पण त्यातली साखर चवीसाठी नसते. तिच्याबरोबरच आतडे मीठ आणि पाणी आत ओढून घेते. एका लिटरमध्ये ती साडेतेरा ग्रॅमच असते. १९७१ साली बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा पसरला, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी याच साध्या पाण्याने हजारो जीव वाचवले. तेव्हा भिऊ नका. पूर्ण पाकीट एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालावे आणि चोवीस तासांत संपवावे. घटाघट पिऊ नये. उलटी झाल्यावर दहा मिनिटे थांबून चमचा-चमचा घ्यावे. दुकानातली गोड फळपेये म्हणजे जीवनजल नव्हे. ज्यांना हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार आहे त्यांनी पाणी किती प्यावे ते डॉक्टरांना विचारावे.

मी दर तीन-चार तासांनी बोटातून रक्त काढून साखर पाहत होते आणि वहीत लिहीत होते. ती ७० च्या खाली गेली तर तीन चमचे साखर पाण्यात घालून घ्यावी आणि पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावी.

आता घरातल्या इतरांविषयी. हा रोग हातांवरून पसरतो. बाटलीतल्या सॅनिटायझरला तो फारसा दाद देत नाही. साबण लावून वाहत्या पाण्याखाली वीस सेकंद हात चोळावेत. ओकारी पुसताना हातमोजे घालावेत, मग ती जागा ब्लीचच्या पाण्याने पुसावी. ब्लीचमध्ये संडास धुण्याचे ॲसिड मात्र कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. आजाऱ्याचे कपडे वेगळे, गरम पाण्यात धुवावेत. आणि भगिनींनो, हे आपल्याला जड जाते, पण बरे वाटल्यावरही दोन दिवस स्वयंपाकघरात जाऊ नये. माझ्या घरी ते दोन दिवस ह्यांनी पिठले-भात केला. जरा खारट झाला, पण कोणी आजारी पडले नाही!

पाणीसुद्धा पोटात टिकत नसेल, साखर ३०० च्या वर राहत असेल, श्वास जोरात चालत असेल, सहा-आठ तास लघवी झाली नसेल, शौचात रक्त असेल किंवा माणूस गुंगीत जात असेल, तर उद्यावर ढकलू नये. रात्र असली तरी इस्पितळ गाठावे.

शेवटी एक विनंती. पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाल तेव्हा "आजारी पडले तर काय घ्यायचे, काय थांबवायचे" हे कागदावर लिहून आणा आणि तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. आपण अंथरुणावर असताना घरच्यांना तो वाचता आला पाहिजे. घरादाराची दुखणी आपण काढतो. आपल्या दुखण्याची तयारीही आपणच करून ठेवावी.