साडेसातची मालिका, रात्री दहाला
(नभोवाणीवरील भाषणाचे संपादित शब्दांकन)

टीव्हीचा डिजिटल रेकॉर्डर घ्यावा का, आणि घ्यायचा तर कोणता, असं कुणी विचारलं की मी आधी उलटा प्रश्न करतो. तुमच्या घरात संध्याकाळी सात ते दहा या वेळात टीव्हीसमोर बसायला कुणाला मिळत नाही? बहुतेक घरांत उत्तर एकच येतं. जी पोळ्या लाटत असते, तिला. मालिका काढलेली तिच्यासाठी, पण वेळ नेमकी कुकर लावायची. मग ती स्वयंपाकघरातून नुसते संवाद ऐकते आणि ऐन मोक्याचं वाक्य फोडणीच्या आवाजात जातं. माझ्या मते रेकॉर्डर हे यंत्र पहिल्यांदा तिच्यासाठी आहे. क्रिकेट, सिनेमे आणि बातम्यांची चर्चा हे सगळं त्यानंतर.

कार्यक्रम आपल्या सोयीने पाहण्याची हौस तशी जुनीच. व्हीसीआरच्या काळात तीन तासांची कॅसेट घालायची, घड्याळ लावायचं आणि देवाचं नाव घ्यायचं. कितीतरी घरांत त्या यंत्राच्या घड्याळावर कायम बाराच वाजलेले असत, कारण ते लावायचं कसं हे कुणालाच माहीत नसे. अमेरिकेत १९९९ साली टिव्हो आणि रिप्ले टीव्ही ही यंत्रं आली. त्यांनी कॅसेटच्या जागी संगणकातली हार्ड डिस्क बसवली. आपल्याकडे डिशच्या बॉक्समध्येच रेकॉर्डर असलेलं ‘टाटा स्काय प्लस’ २००८ साली आलं. (त्या कंपनीचं नाव २०२२ पासून ‘टाटा प्ले’ झालं आहे.) पुढे २०१२ साली मुंबईत आणि २०१३ साली पुणे, नाशिक, नागपुरात केबलवरही सेट टॉप बॉक्स सक्तीचा झाला. त्यानंतर जुन्या व्हीसीआरला केबलची तार थेट जोडून उपयोग राहिला नाही.

आता हे यंत्र करतं काय? वाहिनीचं चित्र आपल्या घरी येतं तेच मुळी आकड्यांच्या रूपात. रेकॉर्डर ते आकडे जसेच्या तसे डिस्कवर उतरवून ठेवतो. त्यामुळे कॅसेटवर दिसायच्या तशा मुंग्या आणि थरथर इथे नाही. मूळ चित्र जसं, तसंच रेकॉर्डिंग. शिवाय डिस्क एकीकडे लिहीत असताना दुसरीकडे वाचूही शकते. म्हणजे आठची मालिका रेकॉर्ड होत असतानाच सव्वाआठला ती पहिल्यापासून पाहायला घ्या, जाहिराती पुढे ढकला, आणि साडेआठच्या सुमाराला तुम्ही आणि वाहिनी जवळजवळ एकाच ठिकाणी पोचता. दाराची बेल वाजली, तर चालू कार्यक्रम थांबवून ठेवता येतो. ही थांबवण्याची सोय एकदा अंगवळणी पडली की तिच्याविना चालत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

निवडताना लोक पहिल्यांदा डिस्क किती मोठी ते विचारतात. मी म्हणेन, आधी ट्यूनर किती ते विचारा. ट्यूनर म्हणजे वाहिनी पकडणारा भाग. तो एकच असेल तर जे रेकॉर्ड होतंय तेच पाहत बसावं लागतं, फार तर आधीचं रेकॉर्डिंग पाहता येतं. म्हणजे आईची मालिका लावली की बाबांच्या बातम्या बंद, आणि भांडण होतं तिथेच राहिलं. दोन ट्यूनर असले तर एक वाहिनी रेकॉर्ड होते आणि दुसरी पाहता येते. मात्र त्यासाठी डिशपासून बॉक्सपर्यंत बहुधा दोन तारा आणाव्या लागतात. उपग्रहाकडून येणाऱ्या लहरी काही उभ्या असतात, काही आडव्या. डिशच्या तोंडाशी जो एलएनबी नावाचा भाग असतो, त्याला बॉक्स तारेतून १३ व्होल्ट देतो की १८, त्यावर कोणत्या लहरी घ्यायच्या ते ठरतं. साध्या जोडणीत एका तारेवर एका वेळी एकच हुकूम जातो. जोडणीला आलेला मुलगा घाईत असेल तर एकच तार टाकून मोकळा होतो, आणि मग महिनाभर घरात ‘दुसरी वाहिनी लागत का नाही’ यावर संशोधन चालतं. तो जिन्यावर असेपर्यंतच एक वाहिनी रेकॉर्डिंगला लावून दुसऱ्या पाच-सहा फिरवून बघा.

डिस्कचा हिशोब त्या मानाने सोपा. साध्या वाहिनीला सेकंदाला ४ मेगाबिट धरले, तर तासाला १.८ जीबी जागा जाते. एचडीला ८ मेगाबिट धरले, तर ३.६ जीबी. आठवड्यातून सहा दिवस चालणारी अर्ध्या तासाची मालिका महिन्याला तेरा तास होते. साध्या दर्जात साधारण २३ जीबी, एचडीत त्याच्या दुप्पट. पाचशे जीबीच्या डिस्कवर अशा कितीतरी मालिका मावतात. आणि खरं सांगू का? महिनाभर साठलेली मालिका कुणी पाहत नाही. तेव्हा मोठ्या डिस्कसाठी जादा पैसे मोजण्यापेक्षा दुसऱ्या ट्यूनरसाठी मोजावेत.

ज्यांच्याकडे महिन्याचं भाडं नसलेलं दूरदर्शनचं ‘फ्री डिश’ आहे (डिसेंबर २००४ मध्ये ‘डीडी डायरेक्ट प्लस’ नावाने सुरू झालेली सेवा ती हीच), त्यांच्यासाठी बाजारात पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्डिंग करणारे स्वस्त बॉक्स मिळतात. सह्याद्री वाहिनी पाहणाऱ्याला ते पुरेसे आहेत. फक्त दोन गोष्टी सांभाळा. पेन ड्राइव्ह जुना, मंद असेल तर चित्र अडखळतं. आणि बॉक्स पहिल्यांदा ‘फॉरमॅट करू का’ असं विचारतो, त्याला हो म्हणण्याआधी त्या पेन ड्राइव्हमध्ये लग्नाचे फोटो नाहीत ना, ते बघा. फॉरमॅट म्हणजे पाटी कोरी.

यंत्र घरी आलं की खरा प्रश्न सुरू होतो तो आपल्या सवयींचा. रात्री झोपताना सगळी बटणं भिंतीवरून बंद करायची ही आपल्याकडची चांगली सवय. पण भिंतीवरचं बटण बंद असेल तर रेकॉर्डर पहाटेचं शास्त्रीय गायन कसं टिपणार? त्याला रिमोटवरून झोपवायचं, भिंतीवरून नाही. वीज किती जाते म्हणाल, तर पंधरा वॅट घेणारा बॉक्स चोवीस तास चालू ठेवला तर महिन्याला अकराच्या आसपास युनिट होतात. ते मान्य नसेल तर रेकॉर्डर घेऊ नये, इतकं साधं आहे. जिथे वीज येते-जाते तिथे त्याला इन्व्हर्टरवर घ्या, कारण फिरत्या डिस्कला अचानक जाणारी वीज मानवत नाही. आणि कृपा करून त्याच्यावर क्रोशाचा रुमाल घालून वर गणपती मांडू नका. डिस्क तापते, तिला हवा लागते.

पावसाळ्याचंही सांगायला हवं. डिशच्या लहरी इतक्या बारीक लांबीच्या असतात की मुसळधार पावसाच्या सरी त्यांना शोषून घेतात. कोकणात, घाटमाथ्यावर जुलै महिन्यात याचा अनुभव सगळ्यांना आहे. त्या वेळी समोर बसून पाहणाऱ्याला जसा काळा पडदा दिसतो, तसाच तो रेकॉर्डही होतो. तिथे यंत्राचा दोष नाही.

दुसरी गोष्ट वेळेची. रेकॉर्डर पडद्यावरच्या वेळापत्रकावर विसंबून चालतो आणि वेळापत्रक माणसंच भरतात. लांबणाऱ्या कार्यक्रमाच्या मागे मोकळा वेळ जोडून ठेवावा. मालिकेला पाच मिनिटं पुरतात, क्रिकेटला एक तासही कमी पडू शकतो. १४ जुलै २०१९ चा लॉर्ड्सवरचा विश्वचषकाचा अंतिम सामना आठवा. शंभर षटकांत बरोबरी, मग सुपर ओव्हर, तीही बरोबरीत, आणि शेवटी चौकारांवरून निकाल. ठरल्या वेळेपर्यंतच रेकॉर्डिंग लावणाऱ्याला दिवसभराचा सामना मिळाला असेल, पण निकाल दुसऱ्याला विचारावा लागला असेल.

आता ज्यासाठी मुख्यतः हे भाषण, ते सांगतो. आपल्याला वाटतं, रेकॉर्ड केलं म्हणजे आपलं झालं. तसं नाही. पैसे भरून पाहायच्या वाहिन्या कुलूपबंद रूपात येतात आणि बहुतेक कंपन्यांच्या बॉक्समध्ये रेकॉर्डिंगही कुलपातच राहतं. किल्ली त्या एका बॉक्सपाशी. डिस्क काढून संगणकाला लावली तर चित्र दिसत नाही, शेजाऱ्याच्या बॉक्सला लावली तरी नाही. काही ठिकाणी महिन्याचे पैसे थकले की जुनं रेकॉर्डिंगही लागत नाही.

माझ्या परिचयातल्या एका निवृत्त गुरुजींची एका मराठी वाहिनीवर वीस मिनिटांची मुलाखत झाली होती. घरच्यांनी ती रेकॉर्डरवर घेतली, आल्या-गेल्याला दाखवली. पुढच्या वर्षी गुरुजी गेले. काही महिन्यांनी बॉक्स बिघडला. कंपनीचा माणूस आला, नियमाप्रमाणे जुना बॉक्स घेऊन नवा बसवून गेला, अर्ध्या तासात काम फत्ते. संध्याकाळी बाईंनी मुलाला म्हटलं, ‘अरे, ह्यांचं लाव जरा.’ नव्या बॉक्समध्ये काहीच नव्हतं. फोनवर उत्तर मिळालं ते नम्र होतं आणि खरंही होतं, की रेकॉर्डिंग दुसऱ्या बॉक्सवर नेता येत नाही. फक्त ते आधी कुणी सांगितलं नव्हतं.

याच्या उलट उदाहरण ऐका. फिलाडेल्फियाच्या मॅरियन स्टोक्स या बाईंनी १९७९ पासून २०१२ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत घरी बसून टीव्हीवरच्या बातम्या रात्रंदिवस रेकॉर्ड केल्या. सुमारे सत्तर हजार कॅसेटी झाल्या. लोक त्यांना विक्षिप्त म्हणत. त्या गेल्यावर तो सगळा साठा इंटरनेट अर्काइव्ह या संस्थेकडे गेला. कॅसेटींना कुलूप नव्हतं म्हणून दुसऱ्या माणसाला त्या उघडता आल्या. चित्र आजच्या मानाने धूसर असेल, पण आहे. आपल्या चकचकीत रेकॉर्डिंगबद्दल तसं म्हणता येत नाही.

कायद्याची काळजी मात्र करू नका. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचं ३९ वं कलम स्वतःच्या खासगी वापरासाठी प्रसारणाचं रेकॉर्डिंग करायला मुभा देतं. ते तिकीट लावून दाखवणं किंवा इंटरनेटवर टाकणं ही निराळी बाब. पण कायद्याने मुभा दिली, तरी कंपनीने कुलूप काढून द्यावं असं ते कलम म्हणत नाही.

मग कुणी म्हणेल, आता सगळं मोबाईलवर ॲपमध्ये मिळतं, रेकॉर्डर हवाच कशाला? ज्यांच्या घरी इंटरनेट चांगलं आहे आणि आई-बाबांना ॲप जमतं, त्यांनी खरंच घेऊ नये. मालिकेचा चुकलेला भाग पाहायला तेवढं पुरतं. पण ॲपवरचा कार्यक्रम हक्क संपले की निघून जातो, आणि जिल्ह्याच्या ठिकाणच्या लहान वाहिनीवरची मुलाखत कुणी कुठे ठेवेल याचा भरवसा नाही. अशी घरातली गोष्ट असेल, तर रेकॉर्डरवर घ्याच, पण त्याच आठवड्यात टीव्हीसमोर मोबाईल स्थिर ठेवून, खोलीतला पंखा बंद करून, तिचं चित्रणही करून ठेवा. चित्र थोडं तिरपं येईल, पडद्यावर खिडकीचा उजेड पडेल. चालेल. वाहिनीकडे पत्र पाठवून प्रत मागायची असेल तर तीही लगेच मागावी, दोन वर्षांनी नाही.

आणि बॉक्स बदलायला माणूस दारात आला की त्याला पाणी द्या, चहा विचारा, पण जुना बॉक्स जरा तरी चालत असेल तर त्याला तार काढू देण्याआधी रेकॉर्डिंगची यादी एकदा पडद्यावर उघडून घरातल्या सगळ्यांना दाखवा.