सर्वांच्या हाती चालेल असे ॲप
(वर्धापन दिनाच्या कार्यक्रमात परभणी येथे दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विद्यार्थ्यांच्या सेवाकार्यासाठी मंडळाने मोबाईल ॲप तयार करावे, अशी सूचना आपल्या तरुण सभासदांनी मांडली आणि त्यांचा कच्चा आराखडा तपासण्याचे काम आम्हा पाच-सहा जणांकडे आले. आम्ही संगणकतज्ज्ञ नाही. आमच्यात शाळेत शिकविणारे आहेत, बँकेच्या खिडकीमागे बसणारे आहेत. यंत्रापुढे माणूस नेमका कोठे अडतो हे आम्ही रोज पाहतो. तेवढ्याच अधिकाराने चार गोष्टी मांडत आहोत.

विद्यार्थ्यांची सेवा ही काही नवी कल्पना नाही. राष्ट्रीय सेवा योजना २४ सप्टेंबर १९६९ रोजी ३७ विद्यापीठांत सुरू झाली. तेव्हा स्वयंसेवक होते ४० हजार. आपल्या जिल्ह्यातील महाविद्यालये नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठाला जोडलेली आहेत आणि त्यांच्यातही दोन वर्षांत २४० तास व सात दिवसांचे शिबिर हाच हिशेब चालतो. केंद्र सरकारने ३१ ऑक्टोबर २०२३ रोजी ‘माय भारत’ हे व्यासपीठही सुरू केले. मग आपले वेगळे ॲप कशाला, असा प्रश्न सभेत आला व तो रास्त होता. उत्तर इतकेच की ते व्यासपीठ सगळ्या देशासाठी आहे. सोनपेठच्या आजोबांना डोळ्यांच्या तपासणीसाठी परभणीला कोणी न्यायचे, पालमच्या मुलीला गणित कोणी शिकवायचे, ही कामे नऊ तालुक्यांत आपणच जुळवायची आहेत.

आता फोनचे पाहू. आराखडा करणाऱ्या मुलांनी प्रत्येक विद्यार्थ्याचा स्वतःचा स्मार्टफोन गृहीत धरला होता. प्रत्यक्षात घरात चांगला फोन एकच असतो, तो सकाळी वडिलांबरोबर शेतात किंवा मोंढ्यात जातो आणि मुलीच्या हाती रात्री नऊनंतर अर्धा तास येतो. म्हणून एका फोनवर तीन-चार नावे चालली पाहिजेत, रेंज नसतानाही कामांची यादी उघडली पाहिजे आणि साध्या बटणांच्या फोनवर निदान एसएमएस तरी गेला पाहिजे. हे अशक्य नाही. पैशांच्या व्यवहारासाठी मार्च २०२२ मध्ये साध्या फोनवरची ‘यूपीआय १२३पे’ सेवा सुरू झालीच.

भाषेचेही तसेच. ३० डिसेंबर २०१६ रोजी ‘भीम’ ॲप आले तेव्हा ते फक्त हिंदी व इंग्रजीत होते. बाबासाहेबांच्या नावाचे ॲप पहिल्या दिवशी बाबासाहेबांच्या मातृभाषेत नव्हते! मराठीची भर पुढे पडली. आपल्या आराखड्यात मराठी होती खरी, पण कशी? ‘स्वयंसेवी संधी निवडा.’ आम्ही तेथे लिहिले, ‘कोणत्या कामाला येणार?’

जे विद्यार्थी पाहू शकत नाहीत ते फोन कानांनी वापरतात. पडद्यावर काय आहे ते टॉकबॅक वाचून दाखवतो. परंतु ॲप बनविणाऱ्याने बटणाला नावच दिले नसेल, तर तो बिचारा ‘बटण, बटण, बटण’ एवढेच म्हणत राहतो. लाल म्हणजे जागा भरली व हिरवे म्हणजे शिल्लक, अशी नुसत्या रंगाची खूणही उपयोगाची नाही, शब्द हवा. ही मेहरबानी नव्हे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ मध्ये २१ प्रकारची दिव्यांगत्वे नमूद आहेत. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवा वापरता येणे हा संविधानाच्या कलम २१ मधील जगण्याच्या हक्काचाच भाग ठरविला. त्या प्रकरणात ॲसिड हल्ल्यातून वाचलेल्या व्यक्तींची तक्रार अशी होती की, ओळख पटविताना यंत्र पापणी मिटायला सांगते. ज्यांना पापणी मिटताच येत नाही त्यांनी काय करावे? बँकेत काम करणाऱ्यांनी तो निकाल मुद्दाम वाचावा.

अर्जात ‘अपंगत्व किती टक्के?’ असा रकाना होता. तो काढून आम्ही विचारले, ‘काम करताना कोणती मदत लागेल?’ शिबिरात अशा मुलाला ‘तू बस, बाळा’ म्हणतात आणि त्याची वही कोरी राहते. त्यालाही तास भरायचे आहेत. उलट बाजूने, दृष्टिहीन परीक्षार्थीला लेखनिक मिळवून देणे हे या ॲपचे मोठे काम ठरू शकेल. लेखनिक असलेल्या परीक्षार्थीला तासामागे किमान २० मिनिटे जादा मिळतात, पण लेखनिकाचे शिक्षण परीक्षार्थीपेक्षा खालचे लागते. परीक्षेच्या आदल्या रात्री असा मुलगा शोधताना घरच्यांची काय धावपळ होते ते आपल्यापैकी अनेकांना माहीत आहे.

सर्वांत जास्त वेळ गेला तो आडनावावर. आपल्याकडे नावानंतरचा पहिला प्रश्न ‘आडनाव काय?’ आणि त्याने समाधान झाले नाही तर ‘गावात कोणत्या बाजूला राहता?’ यादीत पूर्ण नाव व पत्ता दिसला की काम वाटणाऱ्याचा हात आपोआप चालतो. एकाला हजेरीची वही, दुसऱ्याला झाडू. मुलींना तर आडनाव न बघताच चुलीपाशी पाठवतात. म्हणून काम वाटेपर्यंत फक्त पहिले नाव व क्रमांक दिसावा आणि झाडू, वही, स्वयंपाक पाळीने फिरावा, असे आम्ही सुचविले. त्यावर एका ज्येष्ठ सभासदांनी सवाल केला, ‘इतक्या कष्टाने मिळविलेली ओळख आता आपणच लपवायची का?’ दोन संध्याकाळी यावरच गेल्या. त्यांचे म्हणणे खोटे नव्हते. शेवटी ठरले ते असे: वाटणीच्या वेळी आडनाव नाही, प्रमाणपत्रावर मात्र विद्यार्थ्याला हवे तसे पूर्ण नाव, ठळक अक्षरांत. हा तोडगा सर्वांना पटला असे नाही, पण आम्हाला याहून चांगला सुचला नाही.

अकरावी-बारावीची मुले १८ वर्षांखालची असतात; डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण अधिनियम २०२३ नुसार त्यांची माहिती घेण्यास पालकांची संमती लागते. कोणाही मुलीचा नंबर परक्याला दिसता कामा नये. निरोप मंडळाच्या संयोजकामार्फतच जाईल.

आणि कागदी वही बंद करायची नाही. सप्टेंबर २०२५ मध्ये गोदाकाठच्या गावांत पाणी शिरले ते आपण पाहिले. अशा वेळी वीज जाते, मग रेंज जाते, आणि माणसांची गरज तेव्हाच सर्वाधिक असते. तास वहीत लिहावेत, सही घ्यावी व रेंज आल्यावर ॲपमध्ये चढवावेत.

पहिली चाचणी येत्या रविवारी सकाळी दहा वाजता याच सभागृहात आहे. प्रत्येक तालुक्यातून दोन विद्यार्थी यावेत, त्यांपैकी एक मुलगी असावी. दृष्टिहीन विद्यार्थ्यांनी आधी वापरून पाहावे, बाकीच्यांनी नंतर. येताना घरातील सर्वांत जुना, काच तडकलेला फोन आणावा. नवे फोन आमच्याजवळ आहेत.