आरोप आणि निकाल यांच्या मधली जागा

(नागपूर येथे आरोग्याच्या प्रश्नावर काम करणाऱ्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)

बाई तक्रार घेऊन आली की आधी तिचं ऐकायचं, हे चळवळीनं आपल्याला शिकवलं. पण जिच्यावर आरोप आहे ती नर्सही बाईच असेल, आणि निर्णय घेणाऱ्या खुर्चीवर आपणच बसलेल्या असू, तर काय करायचं? मला आज त्याविषयी बोलायचं आहे.

मी एका वस्तीतल्या मोफत दवाखान्याचं काम पाहते. मागच्या वर्षी एका बाळंतिणीच्या सासूबाई आल्या. म्हणाल्या, "सिस्टरनं सुईचे दोनशे रुपये घेतले जी." सिस्टर म्हणाली, "मी एक पैसा घेतला नाही." पावती नाही, साक्षीदार नाही. दोन दिवसांत वस्तीनं निकाल लावूनही टाकला होता.

मी सासूबाईंचं म्हणणं त्यांच्याच शब्दांत लिहून घेतलं आणि त्यांना वाचून दाखवलं. सिस्टरला तक्रारीची प्रत दिली, लेखी खुलासा मागितला. औषधांचं रजिस्टर त्याच दिवशी कुलपात ठेवलं. चौकशी होईपर्यंत सिस्टरला पूर्ण पगारावर ऑफिसच्या कामात घेतलं. ही शिक्षा नाही, हे तिला आणि बाकीच्या कर्मचाऱ्यांनाही सांगितलं. चौकशीत एका निवृत्त मेट्रनबाईंना सोबत घेतलं. जिच्याबरोबर आपण रोज चहा पितो, तिचा न्याय एकटीनं करू नये.

पंधरा दिवसांनी निष्कर्ष निघाला : आरोप सिद्ध होत नाही. रजिस्टरमधल्या नोंदी जुळल्या, पैशांचा पुरावा मिळाला नाही. पण सासूबाई खोटं बोलल्या असं म्हणायलाही काही आधार नव्हता.

तेव्हा आमच्या समितीतले एक सदस्य म्हणाले, "मॅडम, मार्चमध्ये तिचं कंत्राट संपतंच आहे. वाढवू नका. कारणही द्यावं लागत नाही."

मैत्रिणींनो, खरा धोका इथे आहे. जो आरोप सिद्ध करता आला नाही, त्याची शिक्षा गुपचूप देऊन टाकायची! यात नर्सची नोकरी जाते आणि तक्रार करणारीलाही उत्तर मिळत नाही. मी नकार दिला.

सरकारी सेवेतल्या कायम परिचारिकेला 'महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९' लागू असतात. मोठी शिक्षा करण्यापूर्वी दोषारोपपत्र द्यावं लागतं, बचावाची संधी द्यावी लागते. निलंबनाच्या काळात निर्वाह भत्ता मिळतो. दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपुढे लांबवू नये, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ साली अजय कुमार चौधरी खटल्यात सांगितलं. कंत्राटी नर्सच्या वाट्याला यातलं बहुधा काहीच येत नाही.

आपल्या शेजारचं भंडारा आठवा. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे जिल्हा रुग्णालयाच्या नवजात शिशू कक्षाला आग लागून १० बाळं गेली. त्यानंतर जिल्हा शल्यचिकित्सक निलंबित झाले. कंत्राटी परिचारिकांची सेवाच संपवण्यात आली. फेब्रुवारीत गुन्हा नोंदवला गेला तो दोन परिचारिकांवर. त्या बाळांच्या आयांना उत्तर मिळायलाच हवं, त्यात दुमत नाही. पण एकाच घटनेत वरच्याचं निलंबन होतं आणि कंत्राटी बाई थेट घरी जाते, हा फरक अपराधाचा नाही, नेमणुकीच्या कागदाचा आहे.

आता दुसरी बाजू. नर्स राबणारी बाई आहे, आठ तासांची ड्यूटी बारा तास करते, हे खरं. म्हणून लेबर रूममध्ये गरीब पोरींना बसणाऱ्या चापटा आणि ऐकाव्या लागणाऱ्या शिव्या आपण झाकायच्या का? मुळीच नाही. पुरावा नाही म्हणून तक्रार फाडायची नसते.

कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात एक तत्त्व आहे : तक्रार सिद्ध करता आली नाही, एवढ्यावरून तक्रारदार बाईवर कारवाई करता येत नाही. तेच तत्त्व उलट बाजूनंही धरलं पाहिजे. आरोप झाला, एवढ्यावरून कुणी दोषी ठरत नाही.

आम्ही सिस्टरचं कंत्राट वाढवलं. फाइलवर 'आरोप सिद्ध झाला नाही' एवढंच लिहिलं, 'संशयित' हा शब्द येऊ दिला नाही. दारावर मोठ्या अक्षरांत फलक लावला : इथे कशाचेही पैसे लागत नाहीत. सासूबाईंच्या घरी जाऊन निष्कर्ष सांगितला. त्या रागानं म्हणाल्या, "तुम्ही आपल्याच माणसाले सांभाळलं." सिस्टरही खूश नव्हती, वस्तीत अजून लोक वळून बघतात, म्हणाली. दोघींचंही मी ऐकून घेतलं. दोघींना खूश करणारा निकाल माझ्याकडे नव्हता. होती ती रीत, आणि ती दोघींसाठी सारखी होती.

आपल्या गटांनी ही रीत मागितली पाहिजे. कंत्राटी नर्सलाही आरोप लेखी मिळावा, तिची बाजू ऐकली जावी, ठरलेल्या मुदतीत निकाल लागावा. आणि तो निकाल तक्रार करणाऱ्या बाईच्या दारापर्यंत कुणीतरी स्वतः नेऊन सांगावा.